कंपनी कॉलेजची फी भरते म्हणे! अमेरिकेतल्या मराठी नोकरदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत एका मध्यम आकाराच्या कंपनीत बेनिफिट्सचं काम पाहते. त्यामुळे गणपतीत आरती संपून प्रसादाचा द्रोण हातात येतो न येतो तोच कुणीतरी बाजूला घेतं आणि विचारतं, "अगं, आमच्या कंपनीत ते ट्युइशनचं काहीतरी आहे ना, ते मला मिळेल का?" पुढचे सगळे प्रश्न असेच आलेले आहेत, काही द्रोणासकट तर काही रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर. मी वकील नाही आणि सीपीए (इथले सीए) ही नाही. जिथे त्यांची गरज लागते तिथे तसं लिहिलं आहे.

१. ट्युइशन असिस्टन्स म्हणजे नेमकं काय? कंपनी फी भरते, की उसने पैसे देते?

उसने नाही. तुम्ही शिकता आणि फीचा काही भाग कंपनी उचलते. बहुतेक ठिकाणी फी आधी तुम्ही भरायची, सेमिस्टर संपल्यावर पावती आणि ग्रेड पोर्टलवर चढवायची, मग पैसे परत येतात. काही मोठ्या कंपन्या थेट विद्यापीठाला पैसे देतात, म्हणजे तुमच्या क्रेडिट कार्डाला हात लावावा लागत नाही. तुमची कंपनी यातल्या कुठल्या पद्धतीने चालते हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. चार हजार डॉलर चार महिने अडकून पडणार असतील, तर घरात आधी बोलणं झालेलं बरं.

२. कायद्याने प्रत्येक कंपनीला ५,२५० डॉलर द्यावेच लागतात ना?

नाही. सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच आहे. ५,२५० हा आकडा कंपनीने किती द्यायचं ते सांगत नाही. दिलेल्या पैशांपैकी वर्षाला किती रकमेवर सरकार कर घेणार नाही, ते सांगतो. कंपनी शून्य देऊ शकते, दोन हजार देऊ शकते, वीस हजारही देऊ शकते.

ही सवलत अमेरिकी करकायद्याच्या कलम १२७ मधली. १९७८ च्या कायद्याने ती आली आणि ५,२५० ची मर्यादा १९८६ मध्ये ठरली. मधली कित्येक वर्षं ती मुदत संपली की वाढव, पुन्हा संपली की पुन्हा वाढव अशी रडतखडत चालली आणि २०१३ च्या सुरुवातीला एकदाची कायम झाली. आकडा मात्र जागचा हलला नाही. कॉलेजची फी तेव्हाच्या कितीतरी पट झाली, तरी करमाफीची मर्यादा चाळीस वर्षं तीच. २०२५ च्या नव्या करकायद्याने ती महागाईशी जोडली आहे, पण वाढ लागू होते २०२६ नंतरच्या करवर्षांपासून.

एका वर्षात दोन कंपन्यांत काम केलंत, तरी ५,२५० ही दोन्हींची मिळून मर्यादा. दुसऱ्या कंपनीच्या पेरोलला, म्हणजे पगारखात्याला, पहिलीने काय दिलं ते कळत नाही. तो हिशेब तुमचा तुम्ही ठेवायचा.

३. आमच्या कंपनीत ही सोय आहे का, ते कुठे बघायचं?

बेनिफिट्सच्या पोर्टलवर 'एज्युकेशनल असिस्टन्स' किंवा 'ट्युइशन रीइम्बर्समेंट' शोधा. करमाफी हवी असेल तर कंपनीची योजना लेखी असावीच लागते, त्यामुळे कागद कुठेतरी असतोच. एचआरकडे चकचकीत पत्रक मागू नका, मूळ 'प्लॅन डॉक्युमेंट' मागा. पत्रकात हसरी मुलं असतात, अटी त्या कागदात.

कन्सल्टन्सीतून क्लायंटकडे बसणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. बॅज गळ्यात मोठ्या बँकेचा असेल, कँटीनही तिचंच असेल, पण तुमचा डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा फॉर्म) ज्या कंपनीकडून येतो तीच तुमची मालक. बँकेची योजना तुम्हाला लागू नाही.

४. कुठला खर्च बसतो? लॅपटॉप चालेल का? आणि कथकचा क्लास?

ट्युइशन, विद्यापीठाची इतर शुल्कं, पुस्तकं आणि कोर्ससाठी लागणारं साहित्य बसतं. जेवण, राहणं आणि जाणं-येणं बसत नाही. कोर्स संपल्यावर तुमच्याकडेच राहणारी साधनंही बसत नाहीत, अपवाद पाठ्यपुस्तकांचा. म्हणून लॅपटॉप नाही.

खेळ आणि छंदाचे वर्ग चालत नाहीत. ते कंपनीच्या धंद्याशी संबंधित असतील किंवा पदवीचा सक्तीचा भाग असतील, तरच चालतात. तेव्हा कथक नाही. एका ताईंनी "ताण कमी होऊन कामाचा दर्जा सुधारतो" असं पत्र जोडलं होतं. पत्र छान होतं, क्लेम नामंजूर झाला.

५. कोर्स माझ्या कामाशी संबंधितच हवा का? मी टेस्टिंगमध्ये आहे, मला नर्सिंग शिकायचंय.

कलम १२७ ला तुमच्या कामाशी देणंघेणं नाही. ५,२५० पर्यंत नर्सिंगही करमुक्त होऊ शकतं, पदव्युत्तर शिक्षणही होऊ शकतं. अडवते ती कंपनीची स्वतःची अट. "कामाशी संबंधित किंवा कंपनीतल्या एखाद्या पुढच्या पदाशी संबंधित" असं वाक्य बऱ्याच योजनांत सापडतं. शब्दाचा तिथे फरक पडतो: 'तुमच्या कामाशी' म्हटलं असेल तर नर्सिंग गेलं, 'कंपनीच्या कामाशी' म्हटलं असेल आणि कंपनी आरोग्यविम्याची असेल, तर बोलायला जागा आहे. ५,२५० च्या वर मात्र सरकारही कामाशी संबंध बघतं, ते प्रश्न ९ मध्ये.

६. मी फी भरून टाकली, कोर्स सुरूही झाला. आता अर्ज केला तर चालेल?

बहुधा नाही. प्रामाणिकपणे सांगते, नियम न समजल्यामुळे पैसे गेलेली माणसं मला फारशी भेटलेली नाहीत, तारखा चुकल्यामुळे गेलेली ढिगाने भेटली आहेत. योजनांमध्ये सहसा क्रम ठरलेला असतो: आधी मॅनेजरचं अप्रूव्हल, मग एचआरचं, मग नावनोंदणी, मग फी. आपण उलटं करतो. सीट जाईल या भीतीने आधी फी भरतो आणि अर्जाला सवड मिळाली की बसतो. पुण्यात कॉलेजच्या खिडकीपुढे पहाटेपासून रांगा लावलेल्या पिढीचा हा स्वभाव आहे, मीही त्यातलीच.

नोकरीला लागण्याआधी केलेला खर्च तर बसतच नाही (त्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते वेगळे, ते प्रश्न १५ मध्ये). नव्या कंपनीत अमुक महिने झाल्याशिवाय अर्ज करता येत नाही, अशीही अट अनेकदा असते. जॉइन होण्याची तारीख आणि सेमिस्टरची तारीख शेजारी शेजारी मांडून बघा.

७. फॉल सेमिस्टरचे पैसे जानेवारीत मिळाले. ते कुठल्या वर्षात धरायचे?

यात मी स्वतः पोळले आहे. पूर्वी एका दुसऱ्या कंपनीत असताना मी संध्याकाळचा मास्टर्सचा कोर्स घेत होते. फॉलची फी ३,९०० डॉलर. ग्रेड लागली २२ डिसेंबरला. त्या दिवशी ऑफिसात मी आणि सुरक्षारक्षक सोडून कुणी नव्हतं. क्लेम मंजूर झाला नाताळच्या सुट्टीनंतर, पैसे आले जानेवारीच्या दुसऱ्या पगारात. पुढे स्प्रिंगचे ३,९०० आले जूनमध्ये. आधीच्या वर्षात मी एक डॉलर घेतलेला नव्हता, पण पेरोलने दोन्ही रकमा एकाच वर्षात धरल्या: ७,८००. मर्यादेच्या वर गेले २,५५०. जूनच्या पेस्लिपवर ती रक्कम पगारात मिळवलेली दिसली आणि फेडरल कर २२ टक्क्यांनी, सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर ७.६५ टक्क्यांनी असे मिळून साडेसातशे डॉलरच्या वर कापले गेले. आधीच्या वर्षाचे न वापरलेले ५,२५० पुढे ओढता येत नाहीत.

आयआरएसची, म्हणजे अमेरिकी करखात्याची, अपेक्षा अशी की तुमचा खर्च आणि कंपनीने केलेली भरपाई एकाच कॅलेंडर वर्षाच्या खात्यात बसावी. प्रत्यक्षात पेरोल पैसे दिल्याची तारीख बघतं. म्हणून फॉलचा अर्ज करतानाच विचारा: ग्रेड डिसेंबरच्या अखेरीस लागली तर काय? काही कंपन्या फी भरल्याबरोबर पैसे देतात आणि ग्रेड नंतर तपासतात. तशी सोय असेल तर तीच घ्या. कर्जाच्या हप्त्यांना हा घोळ लागू नाही, कारण शिक्षण जुनं असलं तरी चालतं. ते प्रश्न १५ मध्ये.

८. बी-मायनस आली. काहीच मिळणार नाही का?

योजनेत 'बी किंवा वर' असेल तर बी-मायनस म्हणजे बी नव्हे. काही ठिकाणी ए ला शंभर टक्के, बी ला ऐंशी अशी उतरंड असते. पास-नापास पद्धतीचा विषय घेणार असाल तर आधी विचारा, पोर्टलला अक्षर लागतं आणि 'पी' त्याला समजत नाही. आजारपणामुळे कोर्स सोडावा लागला असेल, तर डॉक्टरांचा कागद ठेवा. माझ्या अनुभवात एचआर अशा वेळी माणुसकीने वागतं, पण फाइलला लावायला त्यांनाही काहीतरी लागतं.

९. माझी कंपनी एमबीएसाठी वर्षाला १०,००० देते. वरच्या ४,७५० वर कर लागणारच का?

लागेलच असं नाही, आणि ही गोष्ट पुष्कळ एचआरवाल्यांनाही धड माहीत नसते. ५,२५० च्या वरची रक्कम 'कामासाठी आवश्यक सोय' या वेगळ्या नियमात बसली, तर तीही करमुक्त होते. त्यासाठी शिक्षणाने तुमच्या सध्याच्या कामातलं कौशल्य टिकलं किंवा वाढलं पाहिजे. मात्र त्या कामाची किमान पात्रताच तुम्ही या शिक्षणाने मिळवत असाल, तर नाही. शिक्षणामुळे तुम्ही वेगळ्याच व्यवसायासाठी पात्र ठरत असाल, तरीही नाही.

माणसं चालवणारा, बजेट सांभाळणारा मॅनेजर एमबीए करतो तेव्हा हे पुष्कळदा बसतं. तोच मॅनेजर वकिलीची पदवी घेईल तर बसत नाही, मग रोज करारनामे वाचत का असेना, कारण वकिली हा नवा व्यवसाय झाला. दोन वर्षं कोडिंग केलेला मुलगा फायनान्समध्ये उडी मारायला एमबीए करतो, तिथे मामला डळमळीत.

गंमत अशी की हेच पैसे तुम्ही स्वतःच्या खिशातून भरलेत तर तुम्हाला वजावट नाही. नोकरदारांची अशी वजावट २०१७ च्या करकायद्याने थांबवली आणि २०२५ मध्ये ती कायमची गेली. कंपनीने भरले तर मात्र करमुक्त. म्हणून अर्जासोबत तुमचं सध्याचं काम आणि कोर्सचे विषय यांचा संबंध दाखवणारं एक पान जोडा. निर्णय कंपनीचा करविभाग घेतो, पण त्याच्यासमोर कागद तुम्हीच ठेवायचा.

१०. कंपनीने दिलेल्या फीवर कर भरताना शिक्षणाचं क्रेडिटही घेता येतं का?

त्याच डॉलरवर दोनदा नाही. फी ९,००० आणि कंपनीने करमुक्त दिले ५,२५०, तर उरलेल्या ३,७५० वर 'लाइफटाइम लर्निंग क्रेडिट' (थेट करातून वजा होणारी सवलत) बघता येतं. ते खर्चाच्या २० टक्के असतं, जास्तीत जास्त २,०००. पण एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याचं उत्पन्न १,६०,००० च्या वर गेलं की ते कमी होऊ लागतं आणि १,८०,००० ला संपतं. दोघंही आयटीत असलेल्या घरात हा प्रश्न बहुधा इथेच मिटतो.

११. बायकोच्या किंवा मुलांच्या फीला हे पैसे वापरता येतील का?

कलम १२७ खाली नाही, ते फक्त कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या शिक्षणापुरतं आहे. कंपनीने उदार होऊन मुलाची फी भरली, तर तो तुमचा पगार धरला जातो.

दोन वेगळ्या वाटा आहेत. घरातलं कुणी विद्यापीठात नोकरीला असेल, तर कर्मचाऱ्यांसाठी, त्यांच्या जोडीदारासाठी आणि अवलंबून असलेल्या मुलांसाठी पदवीपर्यंतची फी करमुक्त माफ करण्याची तरतूद वेगळ्या कलमात आहे. प्रोफेसरच असावं लागतं असं नाही, ग्रंथालयातली किंवा हिशेबखात्यातली नोकरीही चालते. एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर) काम करण्याची परवानगी मिळाल्यावर "पगार कमी आहे" म्हणून विद्यापीठातली नोकरी नाकारणाऱ्या मैत्रिणींना मी हे नेहमी सांगते. मुलं दहावीत-अकरावीत असतील तर हिशेब पुन्हा करा. दुसरी वाट म्हणजे नॅशनल मेरिट, शाळकरी मुलांची शिष्यवृत्ती स्पर्धा. त्यात कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी ठेवलेल्या शिष्यवृत्त्या असतात. तुमची कंपनी त्यात आहे का ते विचारा.

१२. मुलगा स्टारबक्समध्ये पार्टटाइम लागणार म्हणतोय, फी मिळते म्हणून. खरं आहे का?

खरं आहे. स्टारबक्सची अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीबरोबरची योजना २०१४ पासून आहे. पहिली बॅचलर पदवी ऑनलाइन करणाऱ्या, बेनिफिट्सला पात्र ठरलेल्या पार्टटाइम कर्मचाऱ्यांनाही ती मिळते. अ‍ॅमेझॉनची करिअर चॉइस २०१२ ची, वॉलमार्टची योजना २०१८ ची, टार्गेटची २०२१ ची. या मुख्यतः दुकानात आणि गोदामात तासावर काम करणाऱ्यांसाठी उभ्या राहिल्या.

अडचण दोन ठिकाणी येते. विद्यापीठ आणि विषय त्यांच्या यादीतलेच निवडावे लागतात. मुलाला रटगर्सलाच जायचं असेल तर उपयोग नाही. शिवाय मुलगा एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असेल तर कॉलेजबाहेर असं काम करताच येत नाही. "आमचा मुलगा कॉफी देणार?" हा तिसरा प्रश्न आई-वडिलांचा असतो, त्याचं उत्तर माझ्याकडे मागू नका.

१३. एच-१बी वर असताना शिकता येतं का? आणि ओपीटीवर?

एच-१बी वर येतं, एफ-१ घ्यावा लागत नाही. तुमचं मुख्य काम नोकरी आहे आणि ती व्हिसाच्या अटींप्रमाणे चालू आहे, एवढं पुरे. एच-४ वरही शिकता येतं.

ओपीटीवर, म्हणजे एफ-१ वर शिकल्यावर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, जपून. संध्याकाळचा एखादा सुटा कोर्स ठीक आहे, पण नव्या स्तरावरची पदवी सुरू केलीत, मास्टर्सनंतर पीएचडी असं काही, तर ओपीटीची परवानगी आपोआप संपते आणि तिच्याबरोबर नोकरीही. कंपनी फी देते म्हणून उत्साहात नाव घालण्याआधी विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोला.

१४. कंपनीच्या पैशाने मास्टर्स केलं तर ईबी-३ वरून ईबी-२ ला जाता येईल ना?

(ईबी-३ आणि ईबी-२ या नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या दोन रांगा, ईबी-२ वरच्या शिक्षणाची.) हा प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा मला आधीच कळतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत इतकी वर्षं काढलेला माणूस, रात्री दहानंतर असाइनमेंट करायची तयारी, कंपनीचे पैसे आहेत, मग अडलं कुठे? अडतं ते पर्मच्या नियमात. पर्म म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने कामगार खात्याकडून घ्यायची मंजुरी.

पर्ममध्ये तुमची पात्रता तपासताना, मालकाच्या खर्चाने मिळवलेलं शिक्षण किंवा प्रशिक्षण कामगार खातं धरत नाही. अपवाद एकच: तसंच शिक्षण त्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या अमेरिकी उमेदवारांनाही कंपनी देत असेल तर. तर्क सरळ आहे. कंपनी म्हणते, या जागेला मास्टर्स लागतंच, आणि तसा माणूस इथे मिळत नाही. खातं विचारतं, मग याला तुम्हीच मास्टर्स केलंत, तसं एखाद्या अमेरिकी उमेदवाराला का नाही केलंत?

म्हणजे त्याच कंपनीकडून, तिच्याच पैशाने घेतलेल्या पदवीवर नवी पर्म करायची योजना असेल, तर नाव घालण्याच्या आधी इमिग्रेशन वकिलाला गाठा. स्वतःच्या पैशाने पदवी घेतली तरी गुंता पूर्ण सुटत नाही. त्या जागेवर तुम्हाला मास्टर्सशिवाय घेतलं होतं, मग आता ते 'किमान आवश्यक' कसं झालं, हा प्रश्न उभा राहतोच. त्यासाठी खरोखर वेगळी, वरची जागा लागते. दुसऱ्या कंपनीत गेलात तर पहिल्या कंपनीच्या पैशाने घेतलेली पदवी तिथे चालते, कारण खर्च या मालकाचा नाही. पण तेव्हा फी परत करण्याची अट आडवी येते (प्रश्न १७).

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी हे सगळं पदवीच्या शेवटच्या सेमिस्टरला ऐकलं. ते म्हणाले, "बरं झालं आधी कळलं नाही, नाहीतर शिकलोच नसतो." ही त्यांची वृत्ती. सगळ्यांना परवडेलच असं नाही.

१५. इथल्या मास्टर्ससाठी भारतातल्या बँकेचं कर्ज घेतलंय. कंपनी ते फेडू शकते का?

कर्मचाऱ्याच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते, मुद्दल आणि व्याज दोन्ही, कलम १२७ मध्ये बसवण्याची सोय कोविडच्या वेळी मार्च २०२० मध्ये आली. ती २०२५ च्या अखेरीस संपणार होती, आता कायम झाली आहे. मर्यादा तीच एकत्र ५,२५०. फी आणि कर्जाला वेगवेगळी नाही.

बँक अमेरिकेतलीच हवी, अशी अट कायद्यात नाही. अटी अशा: कर्ज फक्त शिक्षणाच्या खर्चासाठी घेतलेलं हवं, तुमच्या स्वतःच्या शिक्षणाचं हवं, तुम्ही किमान अर्धवेळ विद्यार्थी असायला हवं आणि संस्था अमेरिकी सरकारच्या विद्यार्थी-मदतीला पात्र असलेली हवी. इथल्या नेहमीच्या विद्यापीठांचं शेवटच्या अटीत अडत नाही. भारतातल्या इंजिनिअरिंगचं जुनं कर्ज मात्र बहुधा तिथेच अडतं. मामाकडून घेतलेले पैसे बसत नाहीत, नातेवाइकांचं कर्ज कायद्याने बाद आहे. सांगलीचं घर गहाण टाकून वडिलांनी स्वतःच्या नावावर काढलेलं कर्ज तुमचं ठरत नाही. तुम्ही मुख्य कर्जदार आणि वडील सहकर्जदार, ही नेहमीची मांडणी असेल तर बोलता येतं.

खरी कटकट असते ती पोर्टलची. कंपन्या हे काम एखाद्या बाहेरच्या सेवेकडे देतात आणि त्या सेवेच्या यादीत अमेरिकी कर्जसंस्थाच असतात. भारतीय बँकेचं नाव टाइप केलं की लाल अक्षरं येतात. तेव्हा थेट भरण्याऐवजी 'तुम्ही हप्ता भरा, आम्ही भरपाई देऊ' अशी सोय आहे का ते विचारा. त्यासाठी मंजुरीपत्र, तुमच्या नावाचं इंग्रजी स्टेटमेंट आणि हप्ता तुमच्याच खात्यातून गेल्याचा पुरावा लागतो. हप्ता वडिलांच्या खात्यातून आपोआप कापला जात असेल, तर आधी तो तुमच्या एनआरई किंवा एनआरओ खात्यावर (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या बँकखात्यावर) वळवा. रुपयांचे डॉलर कुठल्या दिवसाच्या भावाने धरायचे, तेही लेखी घ्या.

१६. वडील भारतात या व्याजावर ८०ई ची वजावट घेतात. मग कंपनीचे पैसे घेऊ की नको?

ज्याने जे व्याज स्वतः भरलं, त्याने त्याचीच वजावट घ्यायची. हप्ते तुमच्या खात्यावर वळवल्यावर आणि कंपनीने भरपाई दिल्यावर वडिलांनी त्याच व्याजावर वजावट दाखवणं चूक आहे. इकडेही तसंच: कंपनीने करमुक्त दिलेल्या व्याजावर तुम्हाला २,५०० पर्यंतची व्याजाची वजावट पुन्हा घेता येत नाही. बाबांच्या सीएला फोन करून सांगा, नाहीतर ते दरवर्षीप्रमाणे भरून मोकळे होतात.

१७. मध्येच नोकरी सोडली किंवा लेऑफ झाला, तर फी परत द्यावी लागते का?

करारात काय आहे त्यावर. पैसे मिळाल्यापासून एक किंवा दोन वर्षांत स्वतःहून सोडलंत तर सगळे किंवा उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात परत, अशी अट नेहमी दिसते. सही करण्याआधी तीन गोष्टी शोधा. मुदत कुठल्या तारखेपासून मोजतात, प्रत्येक कोर्सची वेगळी की शेवटच्या कोर्सपासून सगळ्यांची? महिन्यागणिक रक्कम कमी होते का? आणि लेऑफमध्ये माफी आहे का? शेवटचं वाक्य नसेल तर ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. शेवटच्या पगारातून परस्पर कापून घेता येतं की नाही, ते राज्याच्या कायद्यावर ठरतं.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६ पासून होणाऱ्या अशा करारांवर कडक बंधनं आली आहेत. फीची परतफेड मागायची तर करार नोकरीच्या करारापेक्षा वेगळा हवा, रक्कम आधी ठरलेली हवी, काळाच्या प्रमाणात कमी व्हायला हवी, व्याज नको, आणि गैरवर्तनाशिवाय काढून टाकलं असेल तर वसुली नाही.

एच-१बी वाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. काही छोट्या कन्सल्टन्सी 'ट्रेनिंगचा खर्च' म्हणून मोठा आकडा लावतात आणि त्यात व्हिसाच्या अर्जाचा खर्चही मिसळतात. एच-१बी अर्जासोबत मालकाने भरायचं प्रशिक्षण-शुल्क कर्मचाऱ्याकडून वसूल करणं बेकायदा आहे. कॉलेजची फी परत मागणं वेगळं आणि हे वेगळं. आकड्याची फोड लेखी मागितली की पुष्कळदा आकडा आपोआप लहान होतो.

१८. आम्हा नवरा-बायकोचीच कंपनी आहे. योजना काढून स्वतःची फी करमुक्त करू?

नाही जमत. पाच टक्क्यांपेक्षा जास्त मालकी असलेले, त्यांचे जोडीदार आणि अवलंबित यांच्या वाट्याला वर्षाच्या एकूण मदतीपैकी पाच टक्क्यांहून जास्त जाता कामा नये. तुम्ही दोघंच असाल तर शंभर टक्के तुमच्याकडेच जातात. दहा-बारा माणसं कामाला असतील तर त्यांच्यासाठी योजना जरूर काढा, पण ती फक्त वरच्या पगारवाल्यांच्या सोयीची नसावी, सगळ्यांना कळवलेली असावी, आणि "फी नको, तेवढे रोख द्या" असा पर्याय त्यात नसावा. स्वतःच्या शिक्षणाचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतो का, हा प्रश्न सीपीएसाठी. कसोटी प्रश्न ९ मधल्यासारखीच आहे.

१९. डब्ल्यू-२ आला, त्यात कंपनीने दिलेली सगळी फी पगारात धरलेली दिसते. आता?

वर्षाची शेवटची पेस्लिप काढा. करमुक्त रक्कम डब्ल्यू-२ च्या पहिल्या चौकटीत यायलाच नको. ५,२५० पर्यंतचं तिथे मिसळलं असेल तर पेरोलला लिहा आणि दुरुस्त डब्ल्यू-२ मागा, त्याला डब्ल्यू-२सी म्हणतात. रिटर्नमध्ये तुम्हीच आकडा कमी करून भरू नका. आयआरएसकडे कंपनीने पाठवलेला आकडा असतो, तो जुळला नाही की पत्र येतं. चौदाव्या चौकटीत नुसती माहिती म्हणून रक्कम लिहिलेली असेल तर घाबरू नका, तिच्यावर कर नसतो. दुरुस्तीची विनंती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात करा. मार्चमध्ये पेरोलमधलं कुणी फोन उचलत नाही, हे मी आतून सांगते आहे.